अंकुशनगरचे उंदीर केदारखेड्यात

"उंदरावर पीएच.डी.?" हे मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता राग यायच्या आधीच थकवा येतो. शेजारीण विचारते, बँकेतला बाबू विचारतो, माहेरच्या मावशीनं तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून विचारलं होतं. विचारायचं आणि हसायचं. वाघावर केली असती तर हसले असते का? वाघाला दुरून बघून येतात आणि मोठी मोठी भाषणं देतात. मी वर्षानुवर्षं बांधावर गुडघे टेकून बिळं शोधली, तर मी हसण्यावारी. लहान जिवावर काम करणारं माणूसही लोकांना लहानच वाटतं, आणि हा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

मी जालन्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात मॅडम, आणि कार्यालयात गेलं की "तुमचं काय काम होतं?" कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, म्हणून मी ती करत होते. माझा उंदीर घरातला नव्हे. घरातला वेगळा, तो निर्लज्ज. माझा शेतातला, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, पोटाला पांढरा, बांधात बीळ करून राहणारा. सोयाबीन काढताना विळ्यापुढून सुरकन जातो ना, तोच. शेतकरी त्याच्याकडे नीट बघतही नाहीत, बिळात औषध टाकतात आणि पुढं जातात.

तर या उंदराची गोष्ट अशी. एक जाफराबादकडच्या कपाशीतला घ्या, एक अंकुशनगरच्या उसातला घ्या, दोन्ही तळहातावर शेजारी ठेवा. रंग तोच, कान तेच, शेपूट तेवढीच. मलासुद्धा नुसतं बघून सांगता येत नाही. पण पेशीच्या आत गुणसूत्रं बघितली की संख्या सारखी आणि एक जोडी वेगळी निघते. जाफराबादकडच्यात ती जोडी आखूड, अंकुशनगरकडच्यात तिला एकेक तुकडा जास्तीचा जोडलेला, म्हणून लांब. एकाच जातीचा उंदीर, एकाच जिल्ह्यातला, आणि उत्तरेला जाफराबादकडं एक घडण तर दक्षिणेला अंकुशनगरकडं दुसरी. माझा प्रश्न एवढाच होता की हे दोघं मध्ये कुठं आपणहून भेटतात का, आणि भेटले तर त्यांना पिल्लं होतात का. झाली तर त्या पिल्लाच्या जोडीत एक आखूड आणि एक लांब असं दिसणार. तसा एक उंदीर मधल्या पट्ट्यात सापडला असता, तर माझा प्रबंध उभा राहिला असता आणि त्याच्या मागोमाग नोकरी.

हे बघतात कसं तेही सांगते, कारण लोकांना वाटतं मी उंदीर मोजते. उंदीर मारावा लागतो. हे मी कधी कोणापासून लपवलं नाही. मांडीच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी पाण्यात फुगवायच्या, मग काचेवर वरून थेंब सोडायचा म्हणजे पेशी फुटतात आणि गुणसूत्रं पसरतात. ती रंगवायची, मायक्रोस्कोपखाली त्यांचा फोटो काढायचा, फोटो छापायचा, आणि त्यातलं एकेक गुणसूत्र कात्रीनं कापून जोडीला जोडी लावायची. आता हे संगणकावर होतं, पण माझ्या गाईड सरांचा आग्रह कात्रीचा होता. हातानं कापलं की डोळा तयार होतो, असं ते म्हणायचे. हे त्यांचं बरोबर होतं आणि मी ते आजही मान्य करते. जेवणं उरकली की मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरून बसायचे, पंखा बंद करून, कारण वाऱ्यानं गुणसूत्रं उडून भांड्यांमागं जातात. जालन्याच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणारी बाई वेडीच असणार, असं माझ्या नवऱ्याचं मत होतं, आणि त्यानं ते कधी मनात ठेवलं नाही.

धरलेले उंदीर काही दिवस जिवंत ठेवावे लागतात. ते ठेवायचे कुठं? कॉलेजात प्राण्यांची खोली आहे. त्या खोलीत मोडकी बाकडी आणि मागच्या स्नेहसंमेलनाचा पडदा. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तपासणी समिती येऊन राह्यली. आवारात जिवंत उंदीर बिलकुल नको." कँटीनमधल्या पोत्यांवरून जे पळतात ते काय मेलेले आहेत का? पण हे मी त्यांना म्हणू शकले नाही, कारण पुढच्या वर्षीचे तास त्यांच्याच हातात. मी पिंजरे घरी आणले आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मांडले. प्रत्येक पिंजऱ्यावर गावाच्या नावाची चिठ्ठी. माझ्या कामात सगळी किंमत त्या चिठ्ठीला. उंदीर कुठला ते माहीत नसेल तर तो नुसताच उंदीर.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल. त्यांना मी मामंजी म्हणते. सारा जन्म केदारखेड्यात शेती केली, आता गुडघे दुखतात म्हणून आमच्यासोबत जालन्यात राहतात. शेत बटईनं दिलंय, तरी दर आठवड्याला एस्टीनं जाऊन बघून येतात. गावात बांधाचा वाद निघाला की दोन्हीकडची माणसं त्यांना बोलावतात आणि ते दाखवतील तिथं दगड रोवतात. मोजणीवाला येऊन गेला तरी नंतर त्यांना विचारून घेतात. आणि एक नेम त्यांच्या आईनं घालून दिलेला, तो त्यांनी कधी मोडला नाही. उंदीर मारायचा नाही. गणपतीचं वाहन. पिंजऱ्यात सापडला तर गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. जालन्यात आल्यावर त्यांची अडचण झाली, कारण शहराला शीव कुठली? जिथं सोडावा तिथं कोणाचं तरी घर. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात सापडलेला उंदीर ते थेट केदारखेड्याला न्यायचे आणि स्वतःच्या शेतात सोडायचे. दुसऱ्याच्या शेतात सोडणं बराबर न्हाई, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळे यावर हसायचो.

एका हिवाळ्यात दाराजवळच्या, अंकुशनगरच्या पिंजऱ्यातले उंदीर कमी व्हायला लागले. आज बघावं तर एक नाही, पुढच्या आठवड्यात आणखी एक नाही. दार लागलेलं, जाळी धड. मी समजले की पिंजऱ्याची तार ढिली आहे. बाजारात जाऊन पिंजरेवाल्याशी भांडले, जोरात भांडले, त्यानं हात टेकले आणि नवे पिंजरे दिले. तरीही गळती थांबली नाही. काम मात्र थांबवता येत नव्हतं, म्हणून मी मधल्या पट्ट्यातली गावं घ्यायला सुरुवात केली. पहिलं घेतलं केदारखेडा, कारण शेत घरचं, कोणाची परवानगी नको. विहिरीच्या बांधावर पिंजरे लावले, आत भाकरीचे तुकडे ठेवले.

त्या बांधावरचे बहुतेक उंदीर जाफराबादसारखे आखूड जोडीचे निघाले. ते अपेक्षितच होतं, जाफराबाद जवळ. पण एकाची जोडी लांब निघाली. मी काच परत परत बघितली. मग एक कोवळा नर आला, आणि त्याचे तुकडे कापून लावताना मला दिसलं की जोडीतलं एक आखूड आहे आणि दुसरं लांब. मी कात्री खाली ठेवली. ओट्यावर डोकं टेकून रडले, आनंदानं. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर मी ती जोडी त्याच्यापुढं सरकवली.

गाईड सर फोनवरच खूश झाले. अंकुशनगरचा उंदीर इतक्या उत्तरेला कसा आला याची उपपत्ती त्यांनी तिथल्या तिथं मांडली. नदीनाल्यांच्या काठानं ही वस्ती पिढ्यानपिढ्या वर सरकत आली असणार, म्हणाले. "मॅडम, तुमचं काम झालं. लिहायला घ्या. पदाची जाहिरात निघतेच आहे." मी त्या दिवशी घरात सगळ्यांसाठी पुरणपोळी केली.

जेवताना मामंजींनी विचारलं, कशाची पोळी. मी त्यांना समजेल असं सांगितलं. म्हटलं, "मामंजी, अंकुशनगरकडचे उंदीर आपल्या विहिरीच्या बांधावर सापडले. एवढ्या लांबून आले ते. एक तर अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा निघाला."

त्यांचा घास हातातच राहिला. मग तोंडभर हसले.

"जगले म्हन की ते. मला वाटलं घारीनं नेले असतील."

"कोण जगले?"

"तेच, तुझ्या गच्चीवरचे. मीच सोडल्ते त्या बांधाला. पिठाच्या डब्याला भोकं पाडून एस्टीत नेल्ते. एका टायमाला एक, जास्त न्हाई. तुला कळलं अस्तं मंग."

मी विचारलं, का? त्यांनी शांतपणे सांगितलं, "तू मारनार होतीस."

मी ओरडले. सासऱ्यांवर ओरडले, ताट समोर असताना. माझी वर्षं, माझी नोकरी, माझं नाव, जे तोंडाला आलं ते बोलले. ते ऐकत राहिले. "वरडू नको," म्हणाले, "तू कव्हा इचारलंस का मला? इचारलं अस्तं तर सांगितलं अस्तं." आणि मग त्यांनीच विचारलं, "आन् ते दुसरं कोनतं म्हनलीस, आर्धं हिकडचं आर्धं तिकडचं?"

"ते तुम्ही सोडलेल्याचं पिल्लू होतं."

"पिल्लू झालं?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला आणखीच संताप आला. "कुठं हाय ते?"

"मामंजी, ते मारल्याशिवाय कळलंच नसतं."

त्यांनी ताटावरून हात काढला, धुतला, आणि उठून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. माझं म्हणणं होतं की त्यांनी माझा घात केला. त्यांचं म्हणणं काय होतं ते त्यांच्या पाठमोऱ्या बसण्यावरून कळत होतं.

पण राग कितीही असला तरी एक गोष्ट सरळ होती. तो आखूड-लांब जोडीचा उंदीर खरा होता. दोन्हीकडच्यांना पिल्लं होतात हे त्यानं दाखवलं होतं. पण ते केदारखेड्यात आपणहून भेटले नव्हते. त्यांना एका म्हाताऱ्या माणसानं पिठाच्या डब्यात घालून भेटवलं होतं. नदीनाल्यांचा काठ, पिढ्यानपिढ्यांचं सरकणं, यातलं काही खरं नव्हतं. मी विद्यापीठात सरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ते आधी हसतील, मग हळहळतील, मग म्हणतील की दुसरी गावं घेऊ.

ते नुसतेच हसले. "हे बघा, उंदीर सापडला की नाही?"

"सापडला."

"गुणसूत्रं खोटी आहेत?"

"नाहीत सर. पण तो चालत आला नाही. त्याच्या आईला नाहीतर बापाला एस्टीनं आणलंय."

"वय झालेली माणसं काहीही बोलतात हो. त्यांच्या बोलण्यावर तुम्ही प्रकरण काढून टाकणार? केदारखेडा काढलं तर प्रबंधात राहतं काय? आणखी दोन हंगाम जातील. पद काय तुमच्यासाठी थांबणार आहे?" आणि मग फाइल मिटता मिटता म्हणाले, "बायकांचं हेच चुकतं. घरच्या गोष्टी कामात आणता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरच्या गोष्टी? कॉलेजनं जागा नाकारली तेव्हा माझी गच्ची तुमची प्रयोगशाळा झाली. माझा ओटा तुमचं टेबल झाला. तेव्हा कोणाला घर आठवलं नाही. त्याच घरात घोळ झाला, तो मी स्वतःच्या तोंडानं सांगितला, तर लगेच ती घरगुती बाब, बायकी बाब. खोटं ठेवायला सांगणारा शास्त्रज्ञ, आणि खरं सांगणारी बाईमाणूस. मी यातलं निम्मंसुद्धा बोलले नाही. तेव्हा बोलले नाही म्हणून आता बोलते आहे.

घरी आले तर मामंजी ओसरीवर बसलेले. रागाच्या भरात त्यांना ऐकवलं, "सर म्हणाले, तुमचं म्हातारपणाचं बोलणं आहे. कोणी मनावर घेऊ नये." मला वाटलं होतं ते तोंड फिरवतील. ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि मला म्हणाले, "कव्हाची गाडी हाय?" इतक्या दिवसांनंतर माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. सरांच्या खोलीत मामंजी खुर्चीवर टेकून बसले आणि त्यांनी सांगितलं, सगळं, क्रमानं. डबा, भोकं, एस्टी, विहिरीचा बांध. बांधाच्या वादात सांगतात तसंच, घाई न करता. सरांनी चहा मागवला. मग विचारलं, "बाबा, वय काय तुमचं? काल सकाळी काय जेवलात, आठवतं का? मग कोणता उंदीर कोणत्या पिंजऱ्यातला ते कसं आठवतं?"

"चिठ्ठी होती पिंजऱ्याला. अंकुशनगर लिव्हेल होतं. मला वाचता येतं."

"असं तोंडी चालत नाही बाबा. पुरावा लागतो." हे अगदी गोड आवाजात. खोलीत सरांचा एक विद्यार्थी होता, तो भिंतीकडं बघून हसत होता. मामंजींनी चहाला हात लावला नाही. नमस्कार केला आणि बाहेर आले. जिन्यावर मी हात पुढं केला तर त्यांनी तो घेतला नाही, कठडा धरून एकेक पायरी उतरले.

परतीच्या बसमध्ये बदनापूर मागं पडलं तसे मामंजी माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "उंदीर सोडले, त्यात माझं चुकलं असंल. तुझं नुकसान झालं, ते झालंच. पन मी सोडलेच न्हाईत, असं तो मला कसा म्हनतो?" जालन्याला उतरताना त्यांनी सांगितलं, "तू ऱ्हाऊ नको त्याच्यात."

सर या कामावर पेपर पाठवणार होते आणि माझ्या जोड्यांचे कागद त्यांच्याकडंच होते, म्हणून मी त्यांना लिहून कळवलं. केदारखेड्याचा भाग काढा, नाहीतर उंदीर कसे आले ते त्यात लिहा, त्याशिवाय माझं नाव घालू नका. साधं, सरळ, विनवून. उत्तर आलं नाही. माझा प्रबंध त्यांच्या सहीवाचून पडून राहिला. पदाची मुलाखत झाली आणि पद दुसऱ्याला गेलं. प्राचार्यांनी मला पुढच्या वर्षीचे तास दिले, तेही उपकार केल्यासारखे.

आणि मग तो पेपर छापून आला. भिंतीकडं बघून हसणाऱ्या त्या विद्यार्थ्याचं नाव आणि सरांचं नाव. केदारखेड्याचा नकाशा, नदी, नाले, बाण काढलेले. माझ्या कात्रीनं कापलेल्या जोड्या जशाच्या तशा, एका गुणसूत्राच्या टोकाला माझा हात हलला होता तो वाकडा काप तसाच. मी म्हटलं होतं खोटं काढा. त्यांनी मला काढलं. माझं सगळं ठेवून घेतलं, कापलेलं, रंगवलेलं, उन्हात गुडघे टेकून धरलेलं, आणि ज्या एका गोष्टीला मी नको म्हणत होते तीही ठेवली. तक्रार कोणाकडं करायची? मीच लिहून दिलं होतं ना, माझं नाव घालू नका म्हणून.

मामंजींनी तो छापील कागद मागितला. इंग्रजी त्यांना येत नाही. मी बोट ठेवून दाखवलं, हे केदारखेडा, ही आपल्या विहिरीची जागा, ही त्या पिल्लाची जोडी. त्यांनी ती जोडी जवळ धरून बराच वेळ बघितली.

"ह्याच्यात माझं नाव हाय का?"

"नाही मामंजी."

"तुझं?"

"माझंही नाही."

त्यांनी पान उलटलं, मागं कोरं होतं, परत सरळ केलं.

"मंग ते उंदीर सोडले कोनी," म्हणाले, "आन् धरले कोनी?"

आणि माझ्याकडं बघत, खरंच उत्तराची वाट पाहत बसले.